अंडं घालणारी आणि अंड्यावर बसणारी

(दृश्य: सकाळ. नारळी-पोफळीच्या बागेतला पाट. वाहत्या पाण्याच्या तळाशी एक फिकट हिरवट अंडं.)

हे अंडं पाटात आलं कसं? सहाच्या सुमाराला खुराड्याचं दार उघडलं, बदकं एकामागोमाग एक पाण्याकडे धावली, आणि त्यातल्या एकीनं पोहता पोहता ते सोडून दिलं. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

कोकणात परड्यात चार बदकं पाळणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. "बदक म्हणजे बेफिकीर. कोंबडीला निदान जागेचं तरी भान असतं," असं म्हणून आपण मोकळे होतो.

(दृश्य: कॅमेरा पाटावरून हळूहळू मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, मागच्या बाजूला. सुक्या झावळ्यांचा ढीग.)

आता याच बागेतली ही जागा पाहा. झावळी अलगद उचलली की खाली पालापाचोळा दिसतो. पाचोळा बाजूला केला की पेंढ्याच्या काड्या. आणि त्याखाली, एकाला एक लागून, अंडी. ही दुसऱ्या मादीची. रोज पहाटे ती इथं येते, एक अंडं घालते, सगळं नीट झाकते आणि काही घडलंच नाही अशा चालीनं पाण्यावर जाते.

दोघीही बदकंच. मग एक अशी आणि दुसरी तशी का? अंडं तयार होणं हे शरीराचं रोजचं काम. ते कुठं ठेवायचं आणि त्यावर कधी बसायचं, हे प्रकरण वेगळं. माणसानं बदक पाळायला घेतल्यापासून या दोन गोष्टींची फारकत होत गेली आहे.

(दृश्य: रात्र. खुराड्यात बसलेली बदकं. मंद उजेड.)

आधी शरीराचं काम. बलक अंडनलिकेत उतरल्यापासून पूर्ण अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण एक दिवस जातो. त्यातला बराचसा वेळ नुसतं कवच चढायला लागतो, आणि ते मुख्यतः रात्री चढतं. रात्री पोटात खाणं थोडं, म्हणून लागणारा चुना मादी काही प्रमाणात स्वतःच्या हाडांतून काढते आणि दिवसा खाऊन पुन्हा भरते. मळ्यातल्या गोगलगायी बदकं एवढ्या आवडीनं खातात, त्यातून हा चुनाही मिळतो. गोगलगायी नसतील त्या दिवसांत तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून खाद्याशेजारी ठेवल्या तरी चालतं. मादी हव्या तेवढ्या वेचून खाते.

रात्रभर कवच चढलं की पहाटे अंडं बाहेर येतं. बदकांची बहुतेक अंडी सकाळी आठ-नऊच्या आत घालून होतात. कोंबडी मात्र दुपारीसुद्धा अंडं घालते. म्हणजे सहाला दार उघडलं तर पाटात, गवतात, मळीत अंडी शोधत फिरावं लागणार. नऊपर्यंत दार बंद ठेवलं तर तीच अंडी खुराड्यात सापडतात. बदकं कलकलाट करतील, शेजारी तक्रार करतील. तरी उघडू नये. आत पिण्याचं पाणी मात्र हवंच, कारण कोरडं खाद्य बदकाच्या घशाखाली पाण्याशिवाय नीट उतरत नाही.

(दृश्य: पावसाळी पाणथळ. लव्हाळ्यांतून पोहणारी जंगली बदकं.)

दिवस लांबायला लागले की बदकाचं शरीर अंड्यांच्या तयारीला लागतं. यात गंमत अशी की प्रकाश फक्त डोळ्यांतून मोजला जात नाही. 1930च्या दशकात फ्रान्समध्ये जाक बनुआ या शास्त्रज्ञानं पाळीव नर बदकांवर प्रयोग केले. डोळ्यांचा संबंध तोडला तरी प्रकाश कवटीतून मेंदूपर्यंत पोचत होता आणि बदकांची वृषणं वाढत होती. पक्ष्यांच्या मेंदूलाच उजेड कळतो, ही गोष्ट जगाला पहिल्यांदा बदकानं शिकवली.

आपलं पाळीव बदक ज्याच्यापासून आलं ते हिरव्या डोक्याचं रानबदक थंड मुलुखातलं. तिथं हिवाळ्यात दिवस जेमतेम आठ तासांचा आणि उन्हाळ्यात सोळा तासांचा. कोकणात सर्वांत लहान दिवस सुमारे 11 तासांचा, सर्वांत मोठा 13 तासांच्या थोडा वर. एवढ्याशा फरकावर शरीरानं काय ठरवायचं? म्हणून आपल्याकडे प्रकाशाइतकंच खाणं आणि पाणीही मोजलं जातं. महाराष्ट्रातल्या तळ्यांवर दिसणारं हळदीकुंकू बदक घरटं करतं ते प्रामुख्यानं पावसाळ्यात. तळी भरलेली, गवत उंच, किडे भरपूर, आणि पिल्लांना लपायला जागा. परड्यातल्या गावठी बदकांचंही खाण्याशी असंच नातं. भात कापून झालं, सांडलेले दाणे आणि गोगलगायी मिळायला लागल्या, की अंड्यांना जोर येतो.

नराचा यात किती वाटा? खाण्यापुरती अंडी हवी असतील तर शून्य. नर नसला तरी मादी अंडी घालतच राहते. पिल्लं हवी असतील तर पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. त्याहून जास्त ठेवले की पाण्यात माद्यांच्या माना सोलवटून निघतात.

(दृश्य: मादी पेंढ्यात बसून गोल फिरते आहे. चोचीनं काड्या ओढते आहे.)

आता घरटं. हे बघायला मिळणं अवघड, कारण मादी पाहणाऱ्याला फसवते. घरट्याकडे सरळ जात नाही. इकडे टोचते, तिकडे रेंगाळते, आणि तुम्ही क्षणभर नजर हटवलीत की गायब.

तिची निवड ठरलेली असते. वरून आडोसा, तीन बाजूंनी भिंत किंवा झुडूप, आणि अंधार. बसल्या जागी ती पोटानं जमीन दाबत गोल फिरते आणि खळगा करते. बदक दुरून काड्या वाहून आणत नाही. बसल्या ठिकाणाहून मान पोचेल तेवढंच ओढून घेते. म्हणून खुराड्यात कोपऱ्यातला खोका द्यायचा असेल तर जमिनीलगत ठेवावा, साधारण एक फूट रुंद आणि दीड फूट खोल, आणि त्यात पेंढा भरपूर असावा. उंचावर टांगलेल्या खोक्याकडे आपलं नेहमीचं बदक ढुंकून पाहत नाही.

रोज सगळीच अंडी उचलली की काय होतं, हे मोठ्या बायका चांगलं जाणतात. मादी जागा बदलते. तिच्या हिशेबी तिथं चोर येतो, आणि ते खोटं नाही. म्हणून एखादं खुणेचं अंडं मागं ठेवतात, नाहीतर त्याच आकाराचा पांढरा गोटा. मादी एवढ्यावर समाधानी राहते.

(दृश्य: घरट्याचा जवळून भाग. अंड्यांभोवती करडी मऊ पिसं.)

सुरुवातीच्या अंड्यांवर नुसता पालापाचोळा असतो. अंडी आठ, दहा, बारा होत आली की घरट्यात छातीची मऊ पिसं दिसू लागतात. मादी ती स्वतःच उपटते. त्यामुळे छातीची कातडी उघडी पडते आणि अंड्याला थेट ऊब लागते. पिसं दिसली म्हणजे मादी खुडूक होत आली, अंडी उबवायला बसणार, असं समजावं.

तोवर ती मुद्दाम बसत नाही. पहिलं अंडं आणि शेवटचं अंडं यांत दहा-बारा दिवसांचं अंतर, तरी सगळी पिल्लं जवळजवळ एकाच दिवशी बाहेर येतात ती यामुळेच. अंडं गार असेपर्यंत आतला जीव थांबलेला असतो. पण वीस-एकवीस अंशांच्या वर तो थोडा थोडा जागा व्हायला लागतो. कोकणातल्या मे महिन्यात सावलीतही पारा तीसच्या पुढे. तेव्हा उबवायची अंडी पडवीत टोपलीत ठेवली तर आतली वाढ अर्धवट सुरू होते आणि बंद पडते. त्यापेक्षा ओल्या वाळूत ठेवलेलं मडकं बरं. त्यात अंडी निमुळतं टोक खाली करून ठेवावीत, आणि आठवड्याच्या आत उबवायला घालावीत.

(दृश्य: बसलेली मादी. कॅमेरा जवळ जाताच फुत्कार.)

बसल्यावर मात्र ती ओळखू येत नाही. अंग जमिनीला चिकटवते, पिसं फुलवते, जवळ गेलात तर सापासारखा फुत्कार आणि पंखाचा फटका. दिवसातून एक-दोनदाच उठते. अंडी पिसांनी झाकते, धावत पाण्यावर जाते, भराभर खाते, अंघोळ करते आणि ओल्या अंगानं परत येते. त्या ओलीचा अंड्यांना फायदा होतो. दमटपणा कमी पडला तर आतला पापुद्रा पिल्लाला फोडता येत नाही.

या काळात घरट्याला धोका पुष्कळ. मुंगूस, घूस, घोरपड, धामण, कावळा. झावळ्यांखालचं घरटं दिसायला कितीही सुरक्षित वाटलं तरी रात्री तिथं बसलेली मादी कोल्ह्याला सहज सापडते. तिला हलवायचं तर अंधार पडल्यावर, अंड्यांसकट, आणि जवळच्या बंद जागेत. तरीही काही माद्या नवी जागा मान्य करत नाहीत.

(दृश्य: टोपलीत बसलेली कोंबडी. तिच्याखाली मोठी अंडी.)

गावठी बदकांत सगळ्याच माद्या बसत नाहीत, आणि खाकी कॅम्पबेल जातीच्या तर जवळपास कधीच नाहीत. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या उली गावात अडेल कॅम्पबेल या बाईंनी 1900च्या आसपास ही जात तयार केली. त्यांना अंडी हवी होती, आणि मिळालीही. चांगल्या देखभालीत वर्षाला 300च्या घरात. अंडी देत राहणाऱ्या माद्याच पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या गेल्या आणि बसण्याची ओढ संपत आली. पाटात अंडं सोडून गेलेली मादी असल्याच रक्ताची असण्याची शक्यता मोठी.

अशी अंडी रवणीला, म्हणजे उबवायला, बसवायची तर कोंबडीखाली. कोंबडीची स्वतःची पिल्लं 21 दिवसांत निघतात, बदकाला 28 लागतात. म्हणून टिकून बसणारी, जुनी कोंबडी निवडायची. ती अंघोळ करून ओली येत नाही, तेव्हा दुसऱ्या आठवड्यापासून अंड्यांवर कोमट पाण्याचे हबके मारावे लागतात. लाल चामखिळींच्या तोंडाचं मस्कोव्ही बदक असेल तर 35 दिवस. ते मुळात अमेरिका खंडातलं, वेगळ्याच वंशाचं. पण बसण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

(दृश्य: अंड्याच्या कवचाला बारीक भेग. आतून चिवचिवाट.)

सव्विसाव्या-सत्ताविसाव्या दिवशी पिल्लू आतल्या हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि बोलायला लागतं. अमेरिकेतले संशोधक गिल्बर्ट गॉटलिब यांनी दाखवून दिलं की कवचात असतानाच पिल्लू स्वतःचा आणि भावंडांचा आवाज ऐकतं, आणि त्या ऐकण्यावर त्याला पुढं आपल्या जातीच्या आईची हाक ओळखता येते. ज्यांना कवचात मुकं केलं त्यांची ओळख चुकली. कवचाला भेग पडल्यावर पूर्ण बाहेर यायला एक दिवसही लागू शकतो. घाईनं कवच सोलायला जाऊ नये, आतल्या रक्तवाहिन्या तोवर मिटलेल्या नसतात.

पिल्लं निघाली की मादी त्यांच्यामागे. पुढचे कित्येक आठवडे तिच्याकडून अंड्याची अपेक्षा नको. म्हणून अंडी हवीत की पिल्लं, हे घरात पिसं दिसायच्या आधीच ठरवावं लागतं. अंडी हवी असतील तर घरट्यातून रोज उचलायची, एक गोटा ठेवायचा. पिल्लं हवी असतील तर महिनाभर हात लावायचा नाही. घरात नुसत्या खाकी कॅम्पबेल असतील तर शेजारच्या घरची खुडूक कोंबडी उसनी आणायची. बदल्यात दोन पिल्लं द्यावी लागतील, हे धरूनच चालायचं.