कंदील विझला, उतरू नका

(दृश्य : जुन्या वाड्याचं अंगण. बाजूला सरकवलेली फरशी, खाली काळोख.)

हे पेव, धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत अशी पेवं असायची. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं पोट. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून पेव खोदायचं ते गावठाणाच्या पांढरीत. आतून कडबा लावायचा, ज्वारी ओतायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं.

उघडताना मात्र घाई नसे. आधी दोरीला बांधून कंदील खाली सोडत. तो विझला, की मंडळी निवांत पानसुपारी काढून बसत.

कंदील कोण विझवतं? ज्वारीच.

(दृश्य : तळहातावर ज्वारीचे दाणे.)

पोत्यातलं धान्य आपण निर्जीव धरतो. पण दाण्यात जिवंत अंकुर निजलेला असतो आणि निजलेलं माणूसही श्वास घेतंच. दाणा आपल्यातल्या पिठाची साखर करून ती सावकाश जाळतो. त्यासाठी ऑक्सिजन घेतो. कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊब सोडतो. फडक्यात बांधलेली मटकी सकाळी हाताला कोमट लागते ना, ती याच श्वासामुळे. ओल जास्त तितका श्वास जोरात. म्हणून दाताखाली कट् वाजेल इतकी ज्वारी वाळवूनच पेव भरायचं.

तरीही बंद पेवात महिनोन्‌महिने ऑक्सिजन सरत जातो. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, तो तळाशी बसून राहतो. धान्य पोखरणाऱ्या सोंड्या किड्यांचा निकाल तिथंच लागतो. सोंड्याला फुप्फुसं नसतात. कुशीवरच्या बारीक छिद्रांतून नळ्या निघतात आणि हवा थेट पेशींपर्यंत नेतात. हवेतच ऑक्सिजन नसेल तर नळ्या काय करणार?

माणसाची सोय वेगळी. फुप्फुसांत 30 कोटींहून जास्त वायुकोश. तिथून ऑक्सिजन रक्तात चढतो आणि रक्त तो अंगभर पोचवतं. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के, सोडलेल्या हवेत 16च्या आसपास. कार्बन डायऑक्साइड मात्र 0.04 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर जातो. गंमत म्हणजे दम कोंडल्यावर जीव कासावीस होतो तो मुख्यतः ऑक्सिजन घटला म्हणून नाही, हा कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून. पेवाच्या तळाशी तो इतका असू शकतो, की दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही परत येत नाही. जुन्या विहिरींत, गोबरगॅसच्या टाक्यांत आजही असंच घडतं.

(दृश्य : पाऊस थांबलेला. पाणी तुंबलेलं सोयाबीन.)

आता शिवारात या. झाड पानांवरच्या रंध्रांतून हवा घेतं. दिवसा उन्हात ते स्वतःचं अन्न तयार करतं, तेव्हा ऑक्सिजन बाहेर पडतो. पण श्वास रात्रंदिवस चालूच असतो. मुळांना तर पानांसारखं ऊन नाही, त्यांना मातीतल्या पोकळ्यांमधली हवाच हवी. पाणी तुंबलं की त्या पोकळ्या भरतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजारपट सावकाश सरकतो. सोयाबीन पिवळं पडतं, पाण्यात उभं राहून गुदमरतं. शेतकरी एवढंच म्हणतो, ‘वाफसा नाही.’ ओलही आहे आणि हवाही खेळते, अशा जमिनीच्या अवस्थेला हा किती नेमका शब्द!

गांडूळ ओल्या कातडीतून श्वास घेतं, जायकवाडीतला मासा कल्ल्यांतून, बैल आपल्यासारखाच भात्यातून. वाटा निराळ्या, पेशीत साखर जाळायचं काम मात्र सगळीकडे एकच.

(दृश्य : पुन्हा अंगण. संध्याकाळ. पेवात कंदील, यावेळी जळता.)

कंदील तेवत राहिला, तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधत. वर एक जण दोर धरून सारखा हाका मारी.

‘हायस का रं?’

‘हाय!’

पुन्हा थोड्या वेळानं, ‘हायस का रं?’

खालून ओ आली नाही, की काही न विचारता दोर ओढायचा.