नवे अध्यक्ष आले, पण सूत्रं कुणाच्या हातात?

नमस्कार! सार्वजनिक आरोग्याच्या एखाद्या संघटनेला नवे अध्यक्ष मिळाले की बातमी कशी येते, पाठ झालं असेल तुम्हाला. हसरा फोटो, 'सूत्रं स्वीकारली', आणि खाली 'आव्हानं मोठी आहेत, सर्वांना सोबत घेऊन चालू.' पण ही सूत्रं म्हणजे नेमकं काय? आज तेवढंच बघू. उदाहरण घेतोय अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनचं, कारण ती जुनी आहे आणि तिचा बराचसा कारभार उघड चालतो.

आधी एक किस्सा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचं न्यूयॉर्क, टायफस या जीवघेण्या तापाची साथ. स्टीफन स्मिथ नावाचे तरुण डॉक्टर रुग्णांच्या नोंदी चाळतायत. नाव, पत्ता, नाव, पत्ता... आणि थबकतात. एकाच घराचा पत्ता पुन्हा पुन्हा येतोय! ते तिथे जातात. दारं-खिडक्या मोडलेल्या, तळघरात सांडपाणी, आणि त्यातच माणसं राहतायत. मालक शोधला तर निघाला गडगंज. दुरुस्तीला साफ नकार. पोलिसांकडे गेले, तर त्याला भाग पाडेल असा कायदाच नाही! शेवटी विल्यम कलन ब्रायंट या संपादकांनी युक्ती काढली. मालकाला कोर्टात उभं करायचं आणि समोर बातमीदार बसवायचा. नाव छापून येणार म्हटल्यावर गडी सुतासारखा सरळ झाला.

पण दर घरामागे एक संपादक कुठून आणणार? स्मिथ कायद्याच्या मागे लागले. 1866 मध्ये न्यूयॉर्कला आरोग्य मंडळ देणारा कायदा झाला, आणि 1872 मध्ये ही संघटना उभी राहिली. पहिले अध्यक्ष अर्थातच स्मिथ. म्हणजे औषधापेक्षा कायद्याची चिंता या संघटनेच्या रक्तातच आहे.

आता अध्यक्षपद. मुदत किती? एक वर्ष! निवडून आल्यावर पहिलं वर्ष नियोजित अध्यक्ष, मग वर्षभर अध्यक्ष, मग वर्षभर मावळते अध्यक्ष. तिघं एकाच वेळी टेबलाभोवती असतात. त्यामुळे नव्या माणसाने येऊन सगळं उलथवून टाकलं, असं सहसा होत नाही. रोजचा गाडा हाकतात पगारी कार्यकारी संचालक. डॉ. जॉर्जेस बेंजामिन 2002 मध्ये त्या पदावर आले आणि दोन दशकांहून जास्त टिकले. तेवढ्या काळात अध्यक्ष किती होऊन गेले, तुम्हीच मोजा. मला विचाराल तर संचालक बदलणं ही मोठी बातमी. तिला मात्र कोपऱ्यात जागा मिळते.

आणि भूमिका कोण ठरवतं? तेही अध्यक्ष एकटे नाहीत. सभासद ठरावाचा मसुदा पाठवतात, समिती त्यातले पुरावे तपासते, वार्षिक अधिवेशनात त्यावर खुली चर्चा होते आणि शेवटी नियामक परिषद, म्हणजे सभासदांच्या प्रतिनिधींचं मंडळ, मतदान करते. 1948 पासूनचे ठराव त्यांच्या संग्रहात आहेत. खासदारांपुढे साक्ष द्यायची वेळ आली की संघटनेची माणसं याच ठरावांवर बोट ठेवतात. कंटाळवाणं काम आहे, कबूल. एकेका शब्दावर घासाघीस. पण अध्यक्षांचं भाषण विसरलं जातं, ठराव दफ्तरी राहतो.

मग अध्यक्ष नुसते शोभेचे? तसंही नाही. 2015 च्या अखेरीस डॉ. कॅमारा जोन्स अध्यक्ष झाल्या. हातात वर्षच. त्यांनी दहा विषय घेतले नाहीत, एकच धरला: वंशभेद माणसाला आजारी पाडतो, तेव्हा त्याचं नाव घेऊन बोला. त्यावर देशव्यापी मोहीम उभी केली आणि वर्षभर तेच लावून धरलं. 2019 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वंशभेद हे सार्वजनिक आरोग्याचं संकट असल्याचं जाहीर केलं; पुढे अशा घोषणांची रांग लागली. सगळं श्रेय जोन्सबाईंना देणं भाबडेपणाचं होईल, त्यामागे अनेकांचं काम होतं. पण जे वाक्य उच्चारताना लोक चाचरत होते, ते अध्यक्षांच्या व्यासपीठावरून ऐकू आलं, याला वजन असतंच.

तर पुढच्या वेळी असा फोटो समोर आला की मी काय करतो सांगू? भाषण सोडून देतो आणि तीन गोष्टी शोधतो. मुदत किती, संचालक कोण, आणि यंदा मतदानाला कुठले ठराव आहेत. हो, आणि फोटोत बाजूला उभे असलेले नियोजित अध्यक्षही बघून ठेवतो. वर्षभराने 'सूत्रं' त्यांच्याकडेच जायची असतात.