पर्यटक आले नाहीत, कासवं मात्र आली

नमस्कार मंडळी! मार्च २०२० आठवतोय? माणसं घरात बसली आणि व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन परतले, हा व्हिडिओ तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असणार. आमच्या मामांनी तर दोनदा पाठवला. ते डॉल्फिन व्हेनिसचे नव्हतेच, पार सार्डिनिया बेटावरच्या बंदरातले होते. पण गोष्ट आपल्याला पटली. पर्यटक गेले, निसर्ग सुटला, झालं.

खरी गंमत पुढे आहे. काही ठिकाणी निसर्ग राखायचा खर्चच पर्यटकांच्या खिशातून निघतो. केनियात मसाई मारा अभयारण्याला लागून मसाई कुटुंबांच्या जमिनी आहेत. त्यांनी त्या वन्यप्राण्यांसाठी मोकळ्या ठेवायच्या आणि सफारी कॅम्पवाल्यांनी त्याचं भाडं द्यायचं, असा तिथला व्यवहार. २०२० मध्ये जगभरातले परदेशी पर्यटक आदल्या वर्षीपेक्षा ७० टक्क्यांहून जास्त घटले. कॅम्प ओस पडले, भाड्याला कात्री लागली. आता तो मसाई म्हणाला, मग कुंपण घालून शेती का करू नको, तर त्याला काय सांगणार?

आता आपल्या कोकणात या. वेळास. मंडणगड तालुका, बाणकोटच्या जवळ, नाना फडणवीसांचं गाव.

(क्लिप: पहाटेचा किनारा, वाळूत उमटलेली कासवाची वाट)

हे बघा, लहानसा ट्रॅक्टर गेल्यासारखं दिसतंय ना? रात्री ऑलिव्ह रिडलेची मादी येऊन अंडी घालून गेलीय. पूर्वी ही अंडी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाला आणि वनविभागाला सोबत घेऊन संवर्धन सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सवही भरू लागला. कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात, शंभरेक अंडी अलगद काढतात, जाळीच्या कुंपणात तेवढाच खोल खड्डा करून पुरतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात.

सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलायची. खाली कधी नुसती वाळू, कधी तळहातावर मावतील अशी काळी पिल्लं, एकमेकांच्या अंगावर चढलेली. दोरीमागे उभी असलेली शंभर माणसं एकदम गप्प होतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सलग दोन वेळा नुसती वाळूच होती. तिसऱ्या वेळी सात पिल्लं!

माणसं राहतात गावातल्याच घरांत. माजघरात गाद्या, पंगतीला भात-आमटी, नशीब असेल तर उकडीचे मोदक. पैसे थेट त्या घराला.

आणि आता तारखा बघा. पिल्लं येतात फेब्रुवारी ते एप्रिल. पहिली टाळेबंदी मार्च २०२० मध्ये, दुसरी लाट आली ती मार्च-एप्रिल २०२१ मध्ये. सलग दोन हंगाम नेमके तेव्हाच बुडाले. कासवाला कोविड माहीत नव्हता, ते वाळूत अंडी घालून मोकळं!

माझं मत विचाराल तर असं गाव तगतं ते पर्यटन जोडधंदा असल्यामुळे. कासवांचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा, बाकी वर्ष नारळ-पोफळीची वाडी, आंबा, मुंबईहून येणारी मनीऑर्डर. (मनीऑर्डर म्हणायची सवय जात नाही, आता सगळं गूगल पे.) खोल्या भरल्या नाहीत तरी कर्जाचा हप्ता थकत नाही, कारण त्या खोल्या घरातल्याच असतात. बँकेचं कर्ज काढून रिसॉर्ट बांधलेल्याला अशी सोय नसते.

पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या पट्ट्यात धडकलं आणि मंडणगड-दापोलीच्या वाड्या झोपवून गेलं. पोफळी मधोमध मोडल्या, कौलं उडाली. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. म्हणजे पर्यटन बसलं तर ज्या वाडीवर भागवायचं, तीच आडवी. महामारी एकटी आली असती तर गोष्ट वेगळी असती. ‘शाश्वत’ शब्द बोर्डावर रंगवणाऱ्यांनी या दोन गोष्टी एकत्र मोजलेल्या मला तरी दिसल्या नाहीत.

मग निर्बंध उठले आणि दोन वर्षं कोंडलेली माणसं कोकणात उतरली. गाड्या थेट वाळूत, रात्री हेडलाइट आणि मोठमोठ्यानं गाणी. वाळूतून वर आलेलं पिल्लू उजेडाच्या रोखानं चालतं. समुद्रावरचा फिकट उजेड त्याला पाण्याकडे नेतो, तुमचा हेडलाइट उलटा रस्त्याकडे.

जाणार असाल तर दोन गोष्टी. आधी गावात फोन करून घरटी कधी फुटतील ते विचारा, आणि किनाऱ्यावर बॅटरी, फ्लॅश बंद. टोपलीखाली वाळूच निघाली तर घरमालकिणीकडे पैसे परत मागू नका. माझ्यासमोर एकानं मागितले होते. काकू म्हणाल्या, “कासवाला सांगते हो,” आणि त्याच्या पानात आणखी एक मोदक वाढला.