आपल्याच पेशींचं औषध

नमस्कार, श्रोतेहो.

दर दोन-तीन महिन्यांनी एका शनिवारी सकाळी मी नेरुळहून पनवेल लोकल पकडतो, खारघरला उतरतो आणि रक्तपेढीतल्या खुर्चीवर हात पसरून तास-दीड तास पडून राहतो. प्लेटलेट्स द्यायला. कोपराच्या शिरेतून रक्त मशीनमध्ये जातं, मशीन ते गरगर फिरवतं, जड-हलके थर वेगळे होतात. हवा तो थर पिशवीत उतरतो, बाकीचं रक्त परत माझ्या अंगात येतं. मध्येच ओठांना मुंग्या येतात. रक्त गोठू नये म्हणून नळीत सायट्रेट सोडलेलं असतं, ते रक्तातलं कॅल्शियम थोडा वेळ अडकवून ठेवतं. सिस्टर कॅल्शियमची गोळी चघळायला देतात, मुंग्या थांबतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. म्हणून त्या खुर्चीत पडल्या पडल्या एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. कर्करोगावरचा एक अगदी नवा उपचार अशाच मशीनपासून सुरू होतो. फक्त तिथे प्लेटलेट्सऐवजी पांढऱ्या पेशींचा थर काढून घेतात, आणि तोही रुग्णाच्याच रक्तातून.

या उपचाराचं नाव कार-टी. भारतात तो पहिल्यांदा दिला गेला जून २०२१ मध्ये, आपल्या खारघरलाच, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या कर्करोग केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये. पेशी तयार झाल्या होत्या पवईच्या आयआयटीत, राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत. म्हणजे पेशींचा प्रवास पवई ते खारघर, खाडी ओलांडून.

वर्गात मुलं नेहमी विचारतात, "सर, शरीर जंतूंशी लढतं, मग कर्करोगाशी का नाही लढत?" लढतं, पण कर्करोगाची पेशी मुळात आपलीच असते. घरातल्याच माणसाला दारात कोण अडवणार? रक्ताच्या काही कर्करोगांत बिघडलेली असते ती बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणारी पांढरी पेशी. तिच्या अंगावर सीडी-१९ नावाचं एक प्रथिन असतं. शास्त्रज्ञ रुग्णाच्या टी-पेशी, म्हणजे बिघडलेल्या पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, घेतात आणि निकामी केलेल्या विषाणूच्या हातून त्यांच्यात एक नवा जनुक पोचवतात. त्या जनुकाबरहुकूम टी-पेशीच्या अंगावर एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, उगवतो. त्याचं बाहेरचं टोक सीडी-१९ला पकडतं, आतलं टोक पेशीला सांगतं, मार आणि स्वतःची संख्या वाढव. अशा पेशी वाढवून सलाइनसारख्या परत शिरेत सोडतात. गोळी पोटात गेली की काही तासांत संपते. हे औषध शरीरात गेल्यावर वाढतं, आणि मला सगळ्यात थक्क करते ती हीच गोष्ट.

वाढतं म्हणूनच ते धोक्याचंही आहे. २०१२ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला हा उपचार दिला, तेव्हा तिला इतका ताप चढला की ती व्हेंटिलेटरवर गेली. रक्तात आयएल-६ नावाचा संदेशरेणू बेसुमार वाढलेला दिसला. या उपचारामागचे संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला लहानपणापासून संधिवात होता, त्यामुळे आयएल-६ रोखणारं संधिवाताचं औषध त्यांना ठाऊक होतं. ते दिलं आणि ताप उतरला. एका बापाने घरातलं दुखणं बारकाईने पाहिलेलं होतं, ते दुसऱ्याच्या लेकीच्या कामी आलं. आज कार-टी देणाऱ्या वॉर्डात ते औषध हाताशी ठेवतात.

आपल्याकडच्या कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. २०२५ मध्ये त्याचा अभ्यास 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. इतर उपचार थकलेल्या ६४ रुग्णांचा तो अभ्यास होता, आणि सुमारे ७३ टक्क्यांमध्ये कर्करोग मागे हटला. काहींचा परत आला, हेही सांगायलाच हवं. परदेशात या उपचाराला तीन-चार कोटी लागतात, इथे त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात होतो. तरी तो आकडा लाखांत आहे. घर गहाण टाकायची वेळ यावी असा आहे, आणि तो आणखी खाली यायलाच हवा.

संशोधन आता कर्करोगापुरतं राहिलेलं नाही. ल्युपस नावाच्या आजारात बी-पेशी आपल्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात. जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी ल्युपसच्या पाच रुग्णांना हीच कार-टी दिली. पाचही जणांचा आजार शमला आणि ते औषधांशिवाय राहू लागले, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. काही महिन्यांनी त्यांच्या बी-पेशी परत आल्या, त्या मात्र कोऱ्या पाटीसारख्या. आजार दोन, पण मुळाशी पेशी एकच. वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही वही उघडून बसली.

आता परत त्या खुर्चीकडे येतो. कार-टी मिळालेल्या रुग्णाचे रक्तपेशींचे काउंट अनेकदा आठवडेच्या आठवडे खाली राहतात. त्या दिवसांत त्याला प्लेटलेट्स लागतात, आणि त्या कुठल्याही कारखान्यात बनत नाहीत. तुमचं वजन ५० किलोच्या वर असेल, प्लेटलेट काउंट दीड लाखाच्या वर असेल आणि गेल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसेल, तर जवळच्या रक्तपेढीत फोन करून विचारा, "एसडीपी, म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट्स, देता येतील का?" बाकीची तपासणी ते करतात. सकाळी पोटभर नाश्ता करून जा.

माझी पिशवी भरली की तिथल्या ताई ती उजेडासमोर धरून हलकेच हलवतात. फिकट पिवळ्या पाण्यात रेशमासारखी चमक फिरते. चमक दिसली म्हणजे पेशी जिवंत आहेत. मग पिशवी जाते सारख्या झुलणाऱ्या एका कपाटात. फ्रीजमध्ये नाही, खोलीच्याच तापमानात. तिथे ती पाच दिवस टिकते. तेवढ्यात ती कुणाच्या तरी पलंगाशी पोचायची असते.