सेटिंग काय आहे, सर?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो असा : 'ब्रायन मेचा टोन काढायचा तर कोणता अँप? तीन अँपची तुलना'. ब्रायन मे म्हणजे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक, आणि अँप म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर. तुलना होणार. तिन्ही अँप, व्हॉक्स, मार्शल आणि फेंडर, माझ्या पाठीमागे तापत ठेवलेत, त्यामुळे मला पळ काढता येणार नाही. पण त्याआधी माझी एक जुनी तक्रार आहे, आणि ती ऐकून घ्यायला एवढे गिटारवाले आयते एका खोलीत पुन्हा मिळायचे नाहीत.

कुठंही क्वीनचं काही वाजवलं की संपल्यावर एक जण हमखास जवळ येतो. वाजवलं कसं, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. थेट विचारतो, ''सर, सेटिंग काय आहे?'' बास किती, मिडल किती, ट्रेबल किती. मी तोंड उघडायच्या आत त्याचा मोबाइल बाहेर आलेला असतो आणि पॅनेलचा फोटो निघालेला असतो. हसताय कशाला? तिसऱ्या रांगेतल्या एकानं मघाशी आत येताच काढलाय, मी पाहिलंय.

आता ऐका. ब्रायन वाजवतो व्हॉक्सचा एसी-३०, आणि त्याचा नॉर्मल चॅनेल. त्या चॅनेलला बास-ट्रेबलचे नॉबच नाहीत. एक व्हॉल्यूम आहे, तो पूर्ण उघडायचा. झालं सेटिंग. आता इथले जाणकार बोट वर करून 'कट' नावाच्या नॉबची आठवण करून देतील. आहे, मान्य आहे. तो पुढच्या पॉवरच्या भागात बसतो आणि वरची धार थोडी कापतो. पण ज्या आवाजासाठी लोक नॉबचे फोटो जमवत फिरतात, तो आवाज जवळजवळ नॉब नसलेल्या चॅनेलमधून येतो, हे कुणाला सांगितलं तर त्याला वाटतं की मी काहीतरी लपवतोय.

मग तो आवाज येतो कुठून? अँपमध्ये काय शिरतं आणि अँप किती ताणलेला आहे, या दोन गोष्टींतून. बाकी सगळं त्यानंतर.

शिरतं काय ते आधी पाहू. १९६३ साली ब्रायननं आणि त्याच्या वडिलांनी, हॅरॉल्ड मे यांनी, घरीच गिटार करायला घेतली. तीच रेड स्पेशल. गळ्याचं लाकूड शंभरएक वर्षं जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. सूर हलवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे ट्रेमोलोच्या, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या. पट्टीवरच्या खुणा म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात, कारण त्या सांगायला गोड आहेत. टोनच्या दृष्टीनं महत्त्वाचं मात्र कुणी बोलत नाही : तीन बर्न्स ट्राय-सॉनिक पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे), आणि ते एकमेकांना सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडलेले. नेहमीच्या गिटारमध्ये दोन पिकअप एकत्र लावले की ते पॅरलल, म्हणजे शेजारीशेजारी जोडलेले असतात, आवाज उजळतो आणि थोडा पोकळ होतो. सिरीजमध्ये उलटं होतं. सिग्नल वाढतो आणि मधला भाग भरतो. शिवाय प्रत्येक पिकअपला स्वतःचा चालू-बंद आणि स्वतःचा फेजचा, म्हणजे सिग्नल उलटा करणारा, स्विच. आणि हातात पिकऐवजी सिक्सपेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं. त्याची करकरीत कड तारेवर घासली की प्रत्येक सुराच्या तोंडाशी जो खरखरीत उच्चार येतो, तो कुठल्याही अँपच्या पॅनेलवर छापलेला नाही.

आता तो किस्सा. ब्रायननं स्वतः मुलाखतींत सांगितलेला, माझा लाडका. लंडनच्या मार्की क्लबमध्ये टेस्ट नावाच्या बँडचा कार्यक्रम. गिटारवर रोरी गॅलहर. कार्यक्रम संपला, लोक गेले, आणि विद्यार्थी असलेला ब्रायन मागे रेंगाळला. रोरी आपलं सामान स्वतःच आवरत होता. ब्रायननं त्याला विचारलं, हा आवाज कसा काढतोस? म्हणजे बघा, तोही शेवटी 'सेटिंग काय' म्हणणाराच निघाला! पण उत्तर काय मिळालं ते महत्त्वाचं. रोरीनं नॉबचे आकडे सांगितले नाहीत. एसी-३० आणि रेंजमास्टर ट्रेबल बूस्टर, एवढंच सांगितलं. ब्रायननं ते घेतलं, आपली गिटार जोडली, आणि त्याला स्वतःचा आवाज मिळाला. रोरीचा नव्हे, हं. तेच दोन डबे, पण रोरीची स्ट्रॅटोकास्टर वेगळी बोलते आणि रेड स्पेशल वेगळी.

हा रेंजमास्टर म्हणजे फार साधी वस्तू. डॅलस कंपनीचा, साठच्या दशकातला डबा, आत एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर. तो खालचा भाग छाटतो आणि वरचा उचलून अँपच्या अंगावर फेकतो. का? कारण पूर्ण ताणलेल्या अँपमध्ये जाड बास घातला की सगळ्याचा चिखल होतो. बास आधीच कमी केला तर आवाज फाटतो, पण कॉर्डमधले सूर सुटे ऐकू येतात. एक पथ्य : गिटारची वायर थेट बूस्टरमध्ये. मध्ये बफर (सिग्नल अलग करून पुढं पाठवणारं सर्किट) असलेला पेडल आला की बूस्टर आणि पिकअप यांचं आपसातलं बोलणं तुटतं आणि आवाज कर्कश होतो.

मग स्वच्छ आवाज हवा असेल तेव्हा ब्रायन काय करतो? गिटारचा व्हॉल्यूम उतरवतो. अँपला हातही लावत नाही.

आणि इथं माझी दुसरी तक्रार. (घड्याळ दिसतंय मला, दोन मिनिटं.) सरावाच्या एका खोलीत भिंतीवर सूचना होती : 'व्हॉल्यूम तीनच्या वर नेऊ नये.' आणि ठेवलेला अँप किती वॉटचा? शंभर! अहो, मग तो ठेवलात कशाला, शोभेला? त्यांच्या लेखी एसी-३० सारखा तीस वॉटचा अँप 'लहान'. तिपटीहून जास्त वॉट म्हणजे तिप्पट मोठा आवाज नव्हे. तीस आणि शंभर वॉटमध्ये फरक जेमतेम ५ डेसिबलचा. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे एसी-३० पूर्ण उघडला तर तोही घरच्यांना घराबाहेर काढतो. त्यातून त्याचे सेलेस्टियन ॲल्निको ब्लू स्पीकर फार कार्यक्षम, थोड्या वॉटमध्ये भरपूर ओरडणारे.

यावरून डीकी अँप आठवला, तो सांगितल्याशिवाय पुढं जाणं पाप आहे. क्वीनचा बासवादक जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. लंडनमध्ये कचऱ्याच्या पेटीत त्याला एक सर्किट सापडलं. ते त्यानं एका जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं. नऊ व्होल्टची बॅटरी, जर्मेनियम ट्रान्झिस्टर, आणि नॉब शून्य. व्हॉल्यूमचासुद्धा नाही! १९७५ च्या 'अ नाईट ॲट द ऑपेरा'मधल्या 'गुड कंपनी'त जो अख्खा जॅझ बँड वाजतो, तो ब्रायनच्या गिटारनं या खोक्यातून वाजवलाय. आता विचारा सेटिंग.

आयोजक उभे राहिलेत. बरं, तुलना. भराभर सांगतो.

आधी अट : गिटार तीच, बूस्टर तोच, आणि तिन्ही अँपचा आवाज मीटरनं मोजून सारखा केलेला. ते केलं नाही तर जो मोठा तोच कानाला चांगला वाटतो, आणि तुलनेला अर्थ राहत नाही.

एसी-३० : चार ईएल-८४ व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या), कॅथोड बायस (नळ्यांचा प्रवाह आपोआप सांभाळणारी जोडणी), निगेटिव्ह फीडबॅक (बाहेरचा थोडा सिग्नल परत आत घालून आवाज आवरणं) नाही. त्यामुळे आवाज कुठल्या क्षणी फाटायला लागला ते सांगता येत नाही, हळूहळू चढतो. वर हार्मोनिक्सची जी झालर येते, ती तंबोऱ्याच्या जवारीसारखी. गिटारचा नॉब फिरवला की अँप सोबत येतो.

मार्शल : १९६२ चा जेटीएम-४५ म्हणजे फेंडर बासमनच्या सर्किटवरून उभा केलेला, पुढं ईएल-३४ व्हॉल्व्ह आणि शंभर वॉट आले. यात निगेटिव्ह फीडबॅक आहे, म्हणून एका हद्दीपर्यंत आवाज घट्ट राहतो आणि मग एकदम तुटतो. खालचा ठोसा जबर. ब्रायनचा रेशमीपणा नाही. ट्रेबल बूस्टर काय काय करू शकतो ते ऐकायचं तर टोनी आयोमी ऐका : तसाच रेंजमास्टर, पण पुढं लेनी अँप, आणि निघाला त्याच्या ब्लॅक सबाथ बँडचा आवाज.

फेंडर ट्विन : ६एल६ व्हॉल्व्ह, ८५ वॉटच्या आसपास, मधला भाग खोलगट आणि फाटायला अजिबात राजी नाही. याला थेट ट्रेबल बूस्टर लावू नका, कानात सुया जातील. तरीही माझं मत विचाराल तर घरी हळू आवाजात वाजवणाऱ्यानं ट्विनसारखा स्वच्छ अँप आणि एसी-३० ची नक्कल करणारा चांगला पेडल घ्यावा. व्हॉल्यूम दोनवर ठेवलेल्या खऱ्या एसी-३० पेक्षा तो ब्रायनच्या जास्त जवळ जातो. भांडायचं असेल तर बाहेर भेटा.

आणि मार्शल ॲल्निको ब्लूवर लावला तर? तो बराच जवळ येतो, पण ते स्पीकर पंधरा-पंधरा वॉटचे आहेत. शंभर वॉटचा डोस दिलात तर पहिल्याच कॉर्डला धूर.

झालं, आता वाजवतो. पहिल्या दोन रांगांनी मागं सरकावं, लहान मुलांचे कान झाका. आणि तिसऱ्या रांगेतले तुम्ही, मोबाइल खाली.