पदे मोजायची कशी?

[दृश्य: म्हापसा, शुक्रवारचा बाजार. नारळांची रास, शेजारी केळ्यांच्या फण्या.]

शुक्रवारी म्हापशाला नारळाचा भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. तो ठरेपर्यंत त्याला क्ष म्हणू. मयडेच्या केळ्यांची फणी य रुपयांना. गिऱ्हाइकाने चार नारळ घेतले, एक फणी उचलली, वर २० रुपयांची पिशवी. झाले किती? ४क्ष + य + २०.

ही बैजिक राशी. अधिक आणि वजा ही चिन्हे तिचे तुकडे पाडतात, आणि एकेक तुकडा म्हणजे पद. इथे पदे तीन, म्हणून राशी त्रिपदी. दोन असती तर द्विपदी, एकच असते तर एकपदी. चारपासून पुढे खास नावाची भानगड कोणी करत नाही, बहुपदी म्हणून मोकळे होतात. खरे तर एकपदीसुद्धा बहुपदीच, पण सातवीच्या वर्गात एवढ्या खोलात कोण जातो!

[दृश्य: पिशवीत आणखी नारळ पडतात.]

"बाय, आणखी दोन दे."

हिशेब झाला ४क्ष + य + २० + २क्ष. दिसतात चार पदे, आणि मुले नेमकी इथेच घाईने 'चार' लिहून मोकळी होतात. पण ४क्ष आणि २क्ष ही सजातीय पदे, दोघांतही तोच क्ष. त्यांची बेरीज ६क्ष. उरले ६क्ष + य + २०. राशी अजून त्रिपदीच. गिऱ्हाइकाने पिशवी परत केली, की ६क्ष + य, म्हणजे द्विपदी. आधी राशी आवरायची, मग मोजायचे.

[दृश्य: टेम्पोत चढणाऱ्या गोण्या.]

आता घाऊक माल. पाच गोण्या, प्रत्येकीत न नारळ, एकाचा भाव क्ष. किंमत ५ × न × क्ष. अक्षरे दोन, तरी पद एकच. गुणाकाराने पदे वाढत नाहीत. नुसता २० हा आकडाही एकपदीच.

[दृश्य: जुन्या पोथीचे पान.]

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणित' लिहिले. तिथे क्ष, य नाहीत. पहिले अव्यक्त, म्हणजे माहीत नसलेली संख्या, यावत्तावत्, पुढची रंगांच्या नावांची: कालक, नीलक, पीतक. लिहिताना नुसते या, का, नी. सुट्या संख्येपुढे रू, म्हणजे रूप. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. कुठले पद कुठल्या जातीचे, ते आद्याक्षरावरूनच कळायचे.

[दृश्य: फळ्यावर कंस.]

कंस मात्र चकवतो. (क्ष + ३)(क्ष + ३) सोडवले की क्ष चा वर्ग + ६क्ष + ९, त्रिपदी. एका कंसातले चिन्ह बदलून (क्ष + ३)(क्ष − ३) केले, की मधली पदे एकमेकांना खातात आणि क्ष चा वर्ग − ९ एवढेच उरते. द्विपदी!

आणि क्ष + १/क्ष? पदे दोन आहेत, पण क्ष छेदात जाऊन बसला, म्हणून ही राशी बहुपदीत धरत नाहीत.