सोळापट, सोळापट, सोळापट... आणि मग नुसती दुप्पट?

चार आकडे सांगतो, नीट ऐका. १९९४ चं पहिलं प्लेस्टेशन (सोनीचा गेम कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र), मुख्य रॅम, म्हणजे चालू कामाचं सामान ठेवायची मेमरी, २ मेगाबाइट. २००० चं प्लेस्टेशन टू, ३२. २००६ चं थ्री, दोन तुकडे मिळून ५१२. २०१३ चं फोर, ८ गिगाबाइट, म्हणजे ८१९२ मेगाबाइट. भागाकार करून बघा, दरवेळी बरोब्बर सोळापट! (पहिल्या दोघांत ग्राफिक्सची थोडी मेमरी वेगळी होती, ती मी धरलेली नाही, नाहीतर हिशोब इतका गोंडस येत नाही.) या चालीने २०२० च्या प्लेस्टेशन फाइव्हमध्ये १२८ गिगाबाइट यायला हवी होती. आली किती? १६.

मग काय, कंजूषपणा केला? थोडा पैशाचा भाग आहेच, रॅम पूर्वीसारखी झपाट्याने स्वस्त होत नव्हती. पण खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती कळायला रॅमच्या पोटात शिरावं लागतं.

कन्सोलमधली मोठी रॅम असते ती डीरॅम. एका बिटला एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, बस्स. कपॅसिटर भरलेला असला की १, रिकामा असला की ०. ही कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, १९६६ सालची. पण हा कपॅसिटर म्हणजे गळका रांजण, चार्ज सतत झिरपत राहतो, त्यामुळे काही मिलिसेकंदांनी प्रत्येक ओळ वाचायची आणि परत भरायची, नाहीतर सगळं विसरलं. दुसरी असते एसरॅम, तिला बिटमागे सहा ट्रान्झिस्टर लागतात, गळत नाही, पळते जोरात, पण जागा खाते आणि महाग पडते. १९७७ च्या अटारी २६०० या जुन्या कन्सोलमध्ये रॅम होती फक्त १२८ बाइट. मेगाबाइट सोडा, किलोबाइटसुद्धा नाही! त्यात आख्खं चित्र मावायचा प्रश्नच नव्हता, म्हणून टीव्हीवर रेघ उमटत असतानाच प्रोग्रॅम त्या रेघेवर काय दिसायचं ते ठरवत बसायचा. असल्या मशीनवर गेम लिहिणाऱ्यांना माझा दंडवत.

आता २०१३ ला या. प्लेस्टेशन फोर आणि मायक्रोसॉफ्टचा कन्सोल एक्सबॉक्स वन, दोघांच्याही खोक्यावर ८ गिगाबाइट. सारखंच ना? नाही हो. सोनीने घेतली जीडीडीआर५ जातीची डीरॅम, सेकंदाला १७६ गिगाबाइट डेटा देणारी, आणि मायक्रोसॉफ्टने घेतली डीडीआर३ जातीची, ती देते साधारण ६८. ही तूट भरून काढायला त्यांनी चिपवरच ३२ मेगाबाइट एसरॅम ठेवली, ती वेगवान होती खरी, पण तिच्यात काय ठेवायचं आणि काय बाहेर काढायचं ही कसरत गेम बनवणाऱ्यांच्या गळ्यात, आणि फुल एचडी चित्राचे सगळे थर त्यात कोंबता कोंबता नाकी नऊ. ग्राफिक्स चिपही थोडी कमी ताकदीची होती, सगळा दोष मेमरीवर ढकलणं बरोबर नाही, पण सुरुवातीचे बरेच गेम तिथे कमी रेझोल्युशनवर चालले ते या दोन्हीमुळे.

म्हणजे रॅम किती आहे एवढंच विचारून भागत नाही, डेटा किती वेगात हलतो तेही विचारायचं. आणि तो वेग नुसता रॅम ते चिप असा नाही, डिस्क ते रॅम हाही.

फोरमध्ये होती हार्ड डिस्क, फिरणारी तबकडी. तिच्यावरून १ गिगाबाइट रॅममध्ये आणायला वीसेक सेकंद जायचे. मार्च २०२० मध्ये प्लेस्टेशन फोर आणि फाइव्हची रचना करणाऱ्या मार्क सर्नी यांनी हे सगळं उलगडून सांगितलं. डिस्क इतकी हळू, की पुढच्या अर्ध्या मिनिटात खेळाडूला जे जे लागू शकेल ते आधीच रॅममध्ये आणून ठेवावं लागायचं, म्हणजे समोर न दिसणारं कितीतरी सामान उगाच जागा अडवून बसलेलं. आणि डिस्कचं हेड सारखं इकडेतिकडे पळू नये म्हणून एकच वस्तू डिस्कवर परत परत लिहून ठेवायची! स्पायडर-मॅनच्या गेममध्ये डेटाचे काही तुकडे तब्बल ४०० वेळा ठेवलेले होते, का तर रस्त्यावरची टपालपेटी वगैरे शहराच्या प्रत्येक भागात लागते. मला तर हे ऐकून हसावं की रडावं कळेना.

फाइव्हमध्ये तबकडी गेली, एसएसडी आली (फिरणारा भाग नसलेली, नुसत्या चिपवर डेटा ठेवणारी डिस्क), सेकंदाला साडेपाच गिगाबाइट. आता पुढच्या अर्ध्या मिनिटाचं सामान भरून ठेवायचं कारण नाही, पुढच्या एखाद्या सेकंदाचं पुरे, खेळाडू मान वळवतोय तोवर मागचं टाकून पुढचं आणता येतं. त्यामुळे त्या १६ गिगाबाइटपैकी गेमच्या वाट्याची बहुतेक रॅम समोर दिसणाऱ्या गोष्टींच्या कामी येते. आणि ती टपालपेटी एसएसडीवर एकदाच लिहिली तरी चालते.